चिरलेल्या मेथीचं माप

मी एक पितळी शेर बोलतोय, स्वयंपाकघरातलं माप. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर ‘एक शेर’ एवढीच अक्षरं कोरलेली आहेत, त्यापलीकडे मला शिक्षण नाही. शब्दही साधेच आहेत.

अमरावतीच्या एका तांबटाने मला घडवलं आणि मी मुलांच्या वसतिगृहात आलो. तिथे पंचफुलाबाई स्वयंपाक करायची. चिरलेली वांगी ती माझ्यात सैल भरायची, चिरलेली मेथी मात्र मुठीने दाबून. चाळीस मुलांना मेथीची वीस मापं. भाजी कधी कमी पडली नाही.

ती गेल्यावर तिचा देवमन चुलीपाशी आला. चौथीतून शाळा सुटलेला, बोलायला लाजणारा. पण हात आईचाच होता. मेथी दाबताना त्याची मूठ तिच्यासारखीच दोनदा फिरायची.

मग शेर जाऊन किलो आला. व्यवस्थापक केशवराव तराजू घेऊन बसले. प्रत्येक चिरलेल्या भाजीचं एक माप किती ग्रॅम, याची त्यांना यादी करायची होती. मेथी त्यांनी स्वतःच माझ्यात भुरभुरत भरली. दोनशे ग्रॅम.

देवमन हळूच म्हणाला, “साहेब, मेथी दाबून भरा लागते.”

“दाबून? म्हंजे कोठीतून दुप्पट नेतं तू, अन् सांगतं एकच माप?”

देवमनने मान खाली घातली. केशवरावांना तो कबुलीजबाब वाटला. यादीत लिहिलं गेलं, वीस मापं म्हणजे चार किलो.

त्या दिवशी चार किलो मेथी मिळाली आणि तिसऱ्या पंगतीला पातेलं रिकामं झालं. मोर्शीचा भगवंत ताट वाजवत म्हणाला, “काहो देवमनभाऊ, घरी कोन जेवाले आलं होतं आज?” पोरं हसली. केशवराव दारातून म्हणाले, “यादीपरमानं देल्ली मी. माय बी अशीच नेत असंन याची.”

देवमनचा हात माझ्या काठावर होता.

आज मी कोठीत फळीखाली पालथा पडून आहे. कोणी मला विचारत नाही, आणि विचारावं असं मला वाटतही नाही. एवढंच मागतो, मापाचं वजन लिहिण्याआधी भरणाऱ्याचा हात बघत जा.

त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन नेहमीच्या वेळी आला होता. मेथी निवडली, चिरली, माझ्यात दाबून भरली आणि पारड्यात ओतली. चारशे ग्रॅम. पुन्हा भरून पाहिलं, तेवढंच. केशवराव अंगणात तोंड धूत होते. देवमन दारापर्यंत गेला, थांबला. परत येऊन त्याने ती मेथी परातीतल्या ढिगात मिसळली, केलेल्या भाकरी फडक्याने झाकल्या आणि मागच्या दाराने निघून गेला, तो कायमचा.