गालावरचं ऊन

लवूने दोन्ही हातांनी गर्दी बाजूला सारली आणि बायकोला ओढतच भिंतीपाशी नेलं.

"बघा, बघा! चित्रातली ती हीच. माझी बायल!"

वाचनालयाच्या माडीवरची माणसं एकदा चित्राकडे, एकदा चंद्रावतीकडे बघू लागली, बाजारात पापलेट उलटंपालटं करून बघतात तशी. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. नवं राज्य झाल्यानंतरचं मालवणातलं हे पहिलंच चित्रप्रदर्शन. पाच चित्रकारांनी आपापली चित्रं आणून टांगली होती. कुणाचा किल्ला, कुणाची पालखी, कुणाचे नुसतेच फणस. पण गर्दी सगळी जयराम मास्तरांच्या चित्रापुढे. सकाळी फीत कापून मामलेदारसुद्धा थेट इथेच येऊन उभे राहिले होते म्हणे. चौकटीच्या कोपऱ्यात पहिल्या नंबराचं कागदी फूल डकवलं होतं.

जयराम मास्तर मिठबावच्या शाळेत शिकवायचे आणि लवूच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहायचे. एकटा जीव सदाशिव. मास्तरांना बहीण नव्हती, चंद्रावतीला भाऊ नव्हता. एका भाऊबिजेला तिने त्यांना ओवाळलं आणि तेव्हापासून ते तिचे दादा झाले. मासे मारणाऱ्या गाबिताच्या घरी मास्तर जेवतात म्हणून गावाने नाकं मुरडली, पण मास्तर दर दिवाळीला येत राहिले. या गोष्टीचा तिला केवढा अभिमान होता.

चित्रात ती खडकाला टेकून बसली होती. केस सुटलेले, डोळे मिटलेले. तो दिवस तिने लगेच ओळखला.

वैशाखातलं वादळ नुकतंच ओसरलं होतं. लवूची होडी दोन रात्री परतली नव्हती. किनाऱ्यावरच्या बायकांची रड ऐकवेना, म्हणून ती गावापासून लांब, टोकाच्या खडकांवर जाऊन बसली. मागोमाग दादा आले. हातात कॉफीची लोटी, काखेत चित्राचा पुठ्ठा.

"बघून बघून डोळे जातील तुझे," ते म्हणाले होते. "मीट जरा. मी बघतो ना समुद्राकडे. काही दिसलं की लगेच सांगतो."

तिने डोळे मिटले. झोप कसली येते! त्या मिटल्या डोळ्यांआड तिने लवूला पाण्यात सोडलं, कपाळाचं कुंकू पुसलं, हातातल्या बांगड्या फोडल्या. सगळं मनातल्या मनात, पण काही बाकी ठेवलं नाही. मग काळोख पडता पडता दादांची हाक आली, "चंद्रा, शीड!" ती उठून धावली, पडली, गुडघा फुटला. लवू उतरला तेव्हा त्याला बघायच्या आधी तिने दादांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"ह्यां बघलंस?" लवूने चित्रातल्या समुद्रावर, अगदी कडेला, बोट टेकवलं. "ह्यां आमचां शीड! मास्तरांनी माका पण घातलो!"

नखाएवढं शीड होतं. चंद्रावतीने ते पाहिलं. मग चित्रातल्या आपल्या गालाकडे पाहिलं. गालावर पिवळंधमक ऊन पडलं होतं. तिने पुन्हा शिडाकडे पाहिलं.

तेवढ्यात मास्तर आले. नवा सदरा, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आवडलं का गं?"

"दादानू, शीड तुमी मागसून घातलात?"

"छे! मी मनाचं काही घालत नाही. दिसलं तेच काढलंय."

"पण तुमी हाक मारलात तेवा काळोख पडललो."

मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, चित्राकडेच पाहिलं.

"ऊन गेलं असतं, चंद्रा," ते हळूच म्हणाले. "थोडंसंच राहिलं होतं. आणि होडी तर येतच होती की."

परक्याने फसवलं असतं तर तिने तिथल्या तिथे बाजारातली शिवी हासडली असती. पण हा दादा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. लवू कुणाला तरी शीड दाखवत होता. ती जिना उतरली.

भाऊबिजेला मास्तर आले. येतील की नाही, असं तिला वाटलं होतं, पण आले. तिने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मास्तर टोपी घालून पाटावर बसले. ऊन अजून दारापुढच्या खळ्यात होतं.

"गो, दादा बसलेत मा! ओवाळूक ये," लवूने हाक मारली.

"येतंय," ती आतून म्हणाली. "थोडां रवलां हा."

स्वयंपाक कधीच आटपला होता. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं होतं. निरांजन तेवढं लावायचं. चंद्रावती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

खळ्यातलं ऊन माडांवर चढलं, मग तिथूनही गेलं. लवू उठून आत येऊ लागला.

"काळोख पडलो गो! काय करतंस काय?"

"असू दे, लवू," मास्तर पाटावरून म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "तिला हाक मारू नकोस. बसतो मी."