दिपाचा शेवटचा डाव

ब्याण्णव साली पनवेलला बुद्धिबळाची स्पर्धा झाली. आमची दिपा शेवटचा डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. नेऱ्याहून निघताना गंगू, तिची आई, म्हणाली होती, "जिकलीस तर जिल्ह्याला जा. हरलीस तर वैशाखात लगीन. मंग रडायचं नाय."

दिपाने सिसिलियन बचाव घेतला. त्यात आपल्या राजावर चाल येऊ द्यायची आणि आपणच उलटा वार करायचा. तिने हत्ती दिला, पण समोरच्या पोराचा राजा कोंडला. पोरगा लाल झाला. मात जवळच होती.

घरी आम्ही घड्याळाशिवाय खेळायचो. एवढी मोठी चाल करून ती घड्याळाचं बटण दाबायला विसरली. तिचीच वेळ पळत होती. पोरगा पटाकडे बघत गप्प बसला. बघणाऱ्यांना बोलायची बंदी होती, म्हणून मी खोकलो. तिने वर पाहिलं. मी पुन्हा खोकलो आणि डोळ्यांनी घड्याळ दाखवलं.

माझ्या छातीत वीटभट्टीची धूळ बसलेली, हे तिला ठाऊक होतं. ती चटकन उठली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. ती परत येईपर्यंत घड्याळाचं निशाण पडलं. "वेळ संपली," पंच म्हणाले.

दिपाने पटाकडे एकदा पाहिलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"पी, बा."

मी प्यालो.

"आता बरं हाय?"

"हाय."

"मंग चल. आय वाट बघत आसल."