दोनशे सातमधला दुसरा पाहुणा

नाश्त्याच्या हॉलच्या दारात उभं राहण्याचं काम लांबून फार सोपं दिसतं. हसायचं, खोली नंबर विचारायचा, टॅबवर नावापुढे खूण करायची आणि आत सोडायचं. दीपा साळवे हे काम करत होती त्याला आता बरेच महिने झाले होते. पण त्या आठवड्यात मात्र भिंगारहून स्कूटीवर निघतानाच तिला ते दार नकोसं वाटायचं.

कारण मागच्या रविवारचं लग्न. हॉटेलच्या मागच्या लॉनवर लग्न होतं. वऱ्हाडाच्या नावावर मोजक्याच खोल्या होत्या, पण सकाळी निम्मं वऱ्हाड नाश्ता करून गेलं. तेव्हा कुपनं होती, आणि कुणीतरी त्यांच्या रंगीत झेरॉक्स काढून वाटल्या होत्या. इडल्या संपल्या, पोह्यांचं पातेलं खरवडून झालं आणि खरे पाहुणे रिकाम्या प्लेटा घेऊन दीपाकडे बघत राहिले. त्याच दिवशी कुपनं बंद झाली.

मॅनेजर महेंद्र सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आता खोली नंबर, नाव, आणि खोलीत जितकी माणसं नोंदवलीत तितकीच आत. पुन्हा असं झालं तर तुला कायम करा म्हणून मला वर सांगता येणार नाही." त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

अशा दिवसांत दोनशे सात नंबरच्या खोलीत गोजरबाई आल्या. श्रीगोंद्याकडच्या. नवरा मच्छिंद्र समोरच्या हॉस्पिटलात बायपाससाठी दाखल होणार होता. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाने, समर्थने, ऑनलाइन खोली घेऊन दिली होती, दोघांची, नाश्त्यासकट. पहिल्या सकाळी नवराबायको जोडीने खाली आले. मच्छिंद्रनी उपमा घेतला, गोजरबाईंनी पदर सावरत चार घास पोहे खाल्ले, आणि दोघं रस्ता ओलांडून हॉस्पिटलात गेले. तपासण्या झाल्या तसं मच्छिंद्रना तिथेच ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईंबरोबर एक अनोळखी बाई होती.

"ही माझी जाऊ," गोजरबाई म्हणाल्या. दीपाने सोडलं. खोली दोघांची होती, दोघी आत गेल्या, हिशेब बरोबर होता.

तिसऱ्या दिवशी दुसरीच बाई आली. काळीसावळी, हडकुळी, पायांना भेगा, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"ही पन जाऊच," गोजरबाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी दीपाकडे बघितलं नाही.

मागे एक कुटुंब खोळंबलं होतं. आत कॉफीच्या मशिनजवळ महेंद्र सर उभे होते आणि त्यांची नजर दाराकडेच होती. दीपाने टॅबवरची नावं पुन्हा बघितली. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, खोलीवर तुमचं आणि काकांचं नाव आहे. दुसऱ्या कुणाला मला सोडता येणार नाही."

"ते तर नळ्या लावून पडल्यात. त्येंच्या वाट्याचं कुनी खाल्लं तर बिघडलं कुठं?"

"नियम आहे, मावशी."

ती दुसरी बाई तोवर मागे सरकून जिन्यापाशी पोचलीसुद्धा होती. गोजरबाई क्षणभर दारात थांबल्या, आत मांडलेल्या टेबलांवर त्यांची नजर फिरली, आणि त्याही तिच्यामागे निघून गेल्या. महेंद्र सरांनी लांबूनच मान डोलावली. ती शाबासकी होती. दीपाला मात्र पुढच्या कुटुंबाचा खोली नंबर दोनदा विचारावा लागला.

त्याच्या पुढच्या सकाळी गोजरबाई आल्याच नाहीत. नाश्त्याची वेळ संपत आली तरी दोनशे सातपुढची जागा कोरीच. दीपाने खोलीत फोन लावला, कुणी उचलला नाही. साफसफाईवाली म्हणाली, अंथरूण विस्कटलेलंसुद्धा नाही. मग तिच्या मनात नको नको ते यायला लागलं. मच्छिंद्रचं ऑपरेशन आज होतं की काल? पाहुण्यांना गुड मॉर्निंग म्हणताना ती सारखी काचेतून समोरच्या हॉस्पिटलाकडे बघत होती. ड्यूटी संपताच तिने अंगावरचं हॉटेलचं जाकीटही काढलं नाही, तशीच रस्ता ओलांडून गेली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नातेवाइकांनी सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांच्यात गोजरबाई बसलेल्या दिसल्या. शेजारी तीच हडकुळी बाई, आणि दोघींच्या मध्ये फडक्यावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"काका कसे आहेत?" दीपाने उभ्याउभ्याच विचारलं.

"आत नेलंय. चिरफाड चालू हाय," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचे हात भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होते, खात नव्हते. "बस की."

दीपा सतरंजीच्या कडेला टेकली. माफी मागावी का, कशाची मागावी, तिला सुचेना. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्ही सकाळी आला नाहीत. तुमचा नाश्ता तर आहेच. तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं."

"एकटीनं?" गोजरबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भलतंच काही सुचवलं. "पोरी, मी जल्मात एकटी जेवली न्हाई. घरी जावा-भावजया, शेतात बायका. तुमच्या तितं समदी आपापल्या फोनात बघत खात्यात. मला घास उतरत न्हाई. मनून कुनालातरी संगं आनत हुते. लोकांना वाटतं म्हातारी दानधर्म करती. कशाचा दानधर्म? माझीच अडचन हाय."

"आन् झोपाया?" हडकुळी बाई पहिल्यांदाच बोलली. ती लंकाबाई, पाथर्डीकडची. ऊसतोडीला गेल्या होत्या, तिथेच सुनेला दिवस पुरे व्हायच्या आत कळा सुरू झाल्या. नातू काचेच्या पेटीत होता, सुनेपाशी एकालाच थांबू देत होते म्हणून तिथे मुलगा, आणि लंकाबाई व्हरांड्यात. "रातच्याला बी ह्या हितंच आमच्यात येत्यात. एवढी खोली घेतलीया आन् फरशीवर पडत्यात."

"त्या खोलीत दोन खाटा हायत," गोजरबाई म्हणाल्या. "एक रिकामी बगितली की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

हे ऐकताना दीपाच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. इतका साधा रस्ता आपल्याला आधी का दिसला नाही, याचा तिला राग आला. तिने लंकाबाईंना विचारलं, "तुमचं आधार कार्ड आहे जवळ?"

लंकाबाई घाबरल्या. "कशापायी? मी काय केलं?"

"काही नाही केलं. खोली दोघांची आहे. काका हॉस्पिटलात आहेत तोवर मावशींच्या खोलीत तुमचं नाव लावता येईल. मग नाश्ता तुमचाच, आणि खाटही तुमचीच."

 गोजरबाई लंकाबाईंच्या पिशवीकडे हात करून म्हणाल्या, "काढ की गं."

दीपा परत हॉटेलात आली आणि सरळ महेंद्र सरांपुढे उभी राहिली. त्यांनी पेन टेबलावर आपटत सगळं ऐकून घेतलं. "नियमात बसतं," ते शेवटी म्हणाले. "खोली ज्यांची आहे त्याच म्हणतायत, कार्ड आहे, तर मी नाही कसं म्हणू? पण उद्या काही गेलं, काही तक्रार आली, तर विचारणा तुला होईल."

संध्याकाळी नाव लागलं. ऑपरेशन नीट झाल्याचा निरोपही त्याच सुमाराला आला. तरी दीपाला चैन पडेना. आपण ओळखदेख नसलेलं माणूस दुसऱ्याच्या खोलीत घातलं, हे तिला घरी भाजी निवडतानाही टोचत राहिलं. आईने, कलाबाईंनी, दोनदा विचारलं, काय झालंय. तिने काही नाही म्हणून सांगितलं.

सकाळी दोघी जोडीने खाली आल्या. लंकाबाईंनी केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. "दोनशे सात," गोजरबाईंनी न विचारताच सांगितलं. दोघी कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या आणि इतकं हळू बोलत खायला लागल्या, की जणू देवळात बसल्यात. पण खात होत्या.

तेवढ्यात रिसेप्शनवरून दीपाला बोलावणं आलं. समर्थचा फोन होता. नोंदीत नाव बदलल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला होता.

"माझ्या आईच्या खोलीत ही लंकाबाई कोण?" तो विचारत होता. "कुणाला विचारून घातलं तिला? माझे वडील आयसीयूत आहेत आणि तुम्ही अनोळखी बाई..."

महेंद्र सर शेजारीच उभे होते.  दीपा काही सांगायला जाणार इतक्यात गोजरबाई हात पुसत तिथे आल्या. त्यांनी फोन मागितला आणि कानाला लावला.

"समर्थ, मीच घातलीय तिला. ... व्हय, वळख न्हाई. आता झाली की. ... न्हाई रे, काय चोरती? पिशवीत तिच्या नातवाची टोपडी हायत." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बाबा, तू यिन म्हनला हुतास आन् तुला सुट्टी गावली न्हाई. त्येचा मला राग न्हाई. पन रातच्याला दचकून उठले तर हाक माराया कुनीतरी पायजे ना?"

पलीकडून काय उत्तर आलं ते दीपाला ऐकू आलं नाही. गोजरबाईंनी फोन तिच्या हातात दिला. तो बंद झाला होता. महेंद्र सर आपल्या केबिनकडे गेले. पुढचे दोन दिवस दीपा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत राहिली. काही कळलं नाही.

शनिवारी सकाळी हॉलच्या दारात भलती गर्दी होती. शिर्डीला निघालेल्या दोन बसमधली माणसं एकदम उतरली होती आणि प्रत्येकाला घाई होती. त्यांच्यात गोजरबाई, लंकाबाई आणि पाठीवर बॅग अडकवलेला, दाढी वाढलेला एक तरुण दिसला. रात्रभर प्रवास करून आल्याचं त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"दोनशे सात," तो म्हणाला.

दीपाने टॅब बघितला. खोली दोघांची. समोर तिघं. तिच्या मागे आतल्या बाजूला महेंद्र सर उभे असल्याचं तिला न बघताही कळलं. लंकाबाईंनाही कळलं बहुतेक, कारण त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"सर, या खोलीवर दोनच नावं आहेत," दीपा म्हणाली.  "गोजरबाई आणि लंकाबाई. तुमचं नाव नाही."

 समर्थने आईकडे बघितलं, मग लंकाबाईंकडे. रांगेतलं कुणीतरी मागून कुरकुरलं.

"मग मी काय करायचं?"

"रिसेप्शनवर सांगा, तुमचा नाश्ता वेगळा लावून देतील."

"तू लावून ये," गोजरबाईंनी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "आमी जागा धरतो."

त्याला हसू आलं का रडू, दीपाला सांगता आलं नसतं. त्याने फक्त "बरं" म्हटलं आणि रिसेप्शनकडे वळला. दोघी बायका आत गेल्या. दीपाने दोन खुणा केल्या आणि मागच्या माणसाला खोली नंबर विचारला.