सोळाशे मिलिलिटर

शुश्रूषागृहात माझं काम सोपं होतं. खालच्या मजल्यावर बावीस वृद्ध राहत आणि त्यांचे कागदी तक्ते मला कॉम्प्युटरवर चढवायचे असत. कोण किती जेवलं, कोणाची कूस कधी बदलली, कोणाचं वजन किती भरलं. विज्ञानाची पदवी हातात होती आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती.

त्या मजल्यावर दिवसपाळीला एकच मदतनीस होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. कमरेला रुंद पट्टा बांधून त्या सकाळपासून वाकत, उचलत, पुसत असत. मला त्या ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणायच्या, आणि त्यात कौतुक नव्हतं.

सोमवारी सिस्टरनी माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. चार नंबरच्या खोलीतल्या ड्रायव्हरकाकांना वरच्या मजल्यावर हलवायचं होतं. काकांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती. दोन महिन्यांपासून त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नव्हतं. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते नसलेल्या प्रवाशांना पुढे सरकायला सांगत. गेल्या आठवड्यात मदत न मागता उठले आणि पलंगापाशी पडले. वरच्या मजल्याच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं. तिथून कोणी पुन्हा खाली राहायला आल्याचं मावशींनाही आठवत नव्हतं.

“शुक्रवारी त्यांचा मुलगा सही करायला येतोय,” सिस्टर म्हणाल्या. “दोन महिन्यांचे तक्ते जोडून ठेव.”

तक्ते जोडताना मी पाण्याच्या रकान्यापाशी अडखळले. सोळाशे मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी सोळाशे. तिसऱ्या दिवशी सोळाशे. एकसष्ट दिवस एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. प्रयोगशाळेत एवढे सारखे आकडे आले असते तर सरांनी वही माझ्या अंगावर भिरकावली असती. शेजारच्या रकान्यात काकांना बाथरूमला नेल्याची नोंद होती: दिवसातून दोनदा, क्वचित तीनदा. दीड लिटरहून जास्त पाणी पिणारा माणूस दोनदाच जातो, हे काही जुळेना.

मी मावशींना गाठलं. त्या चादरी बदलत होत्या.

“मावशी, काकांचं पाणी रोज सोळाशेच कसं?”

“आठ फेऱ्या, आठ ग्लास. ग्लास दोनशेचा. शाळेत गेली होतीस ना?”

“पण ते पितात का सगळं?”

त्यांनी चादर खाली ठेवली. “म्हणजे मी खोटं लिहिते?”

“तसं नाही म्हणाले मी.”

“तसंच म्हणालीस. ऐक. मी फेरीला जाते. ग्लास रिकामा असतो. म्हणजे प्यायले. मी उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या जगातून परत भरते. भरला की लिहिते. उगाच भरत नाही आणि उगाच लिहीत नाही. आता हे टोक धर, नुसती उभी राहू नकोस.”

मी टोक धरलं. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि तरी काहीतरी चुकत होतं.

“जग कोण भरतं?” मी विचारलं.

“पॅन्ट्रीवाली.”

पॅन्ट्रीवाली भांडी विसळत होती. “चार नंबरचा? सकाळी एकदाच भरते. नंतर बघावं तेव्हा भरलेलाच असतो. मावशी भरत असतील.”

मावशींना वाटत होतं ही भरते. हिला वाटत होतं मावशी भरतात. मधल्या मध्ये एका जगातून दिवसाला आठ ग्लास निघत होते आणि पाणी जागच्या जागी होतं.

बुधवारी सकाळी मी जगाच्या बाहेर चिकटपट्टी लावली आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली. अकरा वाजेपर्यंत मावशींनी चार ग्लास भरले. म्हणजे आठशे मिलिलिटर. मी जाऊन पाहिलं तर पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. ग्लास रिकामा होता आणि आतून ओला होता.

सकाळी काकांचं डोकं बरं चालायचं. मी खुर्ची ओढून बसले.

“काका, ग्लासातलं पाणी तुम्ही जगात परत ओतता ना?”

त्यांनी चिकटपट्टीकडे पाहिलं. “चेकिंगला आलीस होय.”

“का ओतता?”

“पोरी, ड्रायव्हरला पाणी मोजूनच प्यावं लागतं. मागे पन्नास माणसं बसलेली असतात. दर दहा मैलांवर गाडी थांबवून कसं चालेल?”

“आता कुठे गाडी आहे?”

“गाडी नाही. पण मी उठायचं म्हणजे मावशीला वाकावं लागतं. एक हात माझ्या बगलेत, एक पाठीमागे, आणि सगळं ओझं तिच्या कमरेवर. मला उठवायला दोघी पाहिजेत. असते ती एकटी.” त्यांनी आवाज खाली आणला. “उठवते तेव्हा तिच्या तोंडून आवाज येतो. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. एक ग्लास प्यायला की एक खेप वाढते. म्हणून ओतून टाकतो.”

“मग गेल्या आठवड्यात एकटे का उठलात?”

“तिला हाक मारायची नव्हती.”

दारात हालचाल झाली. मावशी पुढच्या फेरीला आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, ग्लास भरला आणि काकांच्या हातात दिला.

“माझ्या कमरेची काळजी करायला मी बसलेय अजून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पडलात तेव्हा जमिनीवरून कोणी उचललं? कमरेनेच ना? ते सोपं गेलं असं वाटतं तुम्हाला?”

काका ग्लास हातात फिरवत राहिले.

“प्या. मी इथेच उभी आहे.”

ते प्यायले. अर्धा ग्लास राहिला. मावशींनी तक्ता घेतला आणि दोनशेच्या जागी शंभर लिहिलं. मग तो माझ्या हातात देऊन त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मी चादरींच्या खोलीत गेले तेव्हा त्या कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. मी आल्या पावली परत फिरले.

सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या आधी वैतागल्या. “दोन माणसं द्या म्हणून मी तीनदा लिहून पाठवलंय. आता हे.” पण फोन त्यांनी लगेच उचलला. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी काकांची जीभ पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. गुरुवारी रिपोर्ट आला. शरीरात पाणी बरंच कमी होतं, लघवीत जंतू होते.

शुक्रवारी मुलगा आला. कामावरून थेट आला होता, डोळे तांबारलेले. फॉर्म टेबलावर होता आणि पेन त्याच्या हातात. काकांना आणलं नव्हतं. आदल्या रात्री झोप झाली नव्हती आणि सकाळपासून ते परत प्रवाशांशी बोलत होते.

“या वयात पाणी कमी पडलं, त्यात जंतू झाले, की माणूस गोंधळतो,” डॉक्टर म्हणाले. “सगळं त्यामुळेच आहे असं मी सांगू शकत नाही. थोडं मुळातलंही असेल. मला दोन आठवडे द्या.”

“आणि त्या दोन आठवड्यांत ते पुन्हा पडले तर?” मुलगा म्हणाला. “वर निदान चोवीस तास लक्ष असतं. मला रोज धसका घेऊन जगायचं नाही, डॉक्टर.”

मावशी दाराशी उभ्या होत्या. मीटिंगला त्यांना बोलावलेलं नव्हतं.

“हाक मारली तर पडणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “ते मारत नाहीत. मग आपणच ठरल्या वेळी जायचं. त्यांनी बोलावलं नाही तरी. पण वरची एक बाई दर वेळी दहा मिनिटं मला द्या. मी एकटीने उठवलं की ते परत पाणी सोडतील.”

सिस्टरनी कपाळ चोळलं. “दिवसातून सहा वेळा देते. वरच्यांशी मी भांडेन.”

मुलाने पेन खिशात ठेवलं. “दोनच आठवडे,” तो म्हणाला.

काकांच्या भिंतीवर सहा वेळांचा कागद लागला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि मावशींना म्हणाले, “गाडी वेळेवर सुटणार असेल तरच बसतो.”

“एक मिनिट उशीर झाला तर तक्रार करा.”

पहिल्याच दिवशी चार मिनिटं उशीर झाला आणि त्यांनी तक्रार केली.

आता मी चढवत होते ते आकडे वेडेवाकडे होते. साडेसातशे. एक हजार ऐंशी. नऊशे. एक दिवस वरची बाई रजेवर होती. त्या दिवशी काकांनी दुपारनंतर ग्लासाला हात लावला नाही. मावशी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाराशे चाळीस. प्रवासी अधूनमधून येत राहिले, पण थांबत कमी. औषधाने लघवीतले जंतू गेले. एका सकाळी काकांनी मला विचारलं, की पदवी घेऊन मी लोकांची लघवी का मोजते. मी म्हटलं, पाणी मोजते. ते म्हणाले, एकच झालं.

दोन आठवड्यांनी पुन्हा मीटिंग झाली. या वेळी चाकांच्या खुर्चीवर काकाही होते आणि खुर्चीमागे मावशी. फॉर्म टेबलावर होताच. डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले. साल कोणतं? काकांनी बरोबर सांगितलं. महिना चुकला. समोर कोण बसलंय?

“माझा मुलगा. दाढी करायला वेळ मिळत नाही त्याला.”

मुलगा किंचित हसला. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला: शंभरातून सात गेले की किती? काका खुर्चीत चुळबुळ करायला लागले. एकदा दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मुलाचा चेहरा उतरला. “असंच सुरू होतं,” तो हळूच म्हणाला. “आता बस निघेल बघा.”

“बाबा, शंभरातून सात,” त्याने पुन्हा विचारलं.

“ते नंतर,” काका म्हणाले आणि मावशींकडे वळले. “मावशी, मला जायचंय.”

भिंतीवरच्या कागदाप्रमाणे पुढची वेळ पन्नास मिनिटांनी होती. मावशी खुर्चीमागून पुढे आल्या.

“बोलावताय मला?”

“मग काय, यांना बोलावू?”

मावशींनी जिन्यापाशी जाऊन वरच्या बाईला हाक दिली. दोघींनी दोन्हीकडून बगलेत हात घातले आणि काका उठले. कोणाच्याही तोंडून आवाज आला नाही. तिघं सावकाश कॉरिडॉरमधून गेले. टेबलाशी आम्ही चौघं बसून राहिलो.

आठ-दहा मिनिटं गेली. मुलाने फॉर्म स्वतःकडे ओढला, वाचला आणि सही न करता पालथा घालून सिस्टरकडे सरकवला.

काका परत आले, खुर्चीत नीट बसले. “त्र्याण्णव,” ते डॉक्टरांना म्हणाले. “विचारा पुढचं.”