चार डिस्क आणि दोन जावा

घरचाच धंदा होता, सासऱ्यांनी सुरू केलेला. दोघे भाऊ ड्रोन उडवून जमिनींचे, रस्त्यांचे, धरणांचे फोटो काढायचे आणि त्यांवरून नकाशे बनवायचे. थोरली जाऊ गिऱ्हाइकं सांभाळायची. धाकटी कॉम्प्युटर शिकून आलेली, म्हणून फोटो आणि सर्व्हर तिच्याकडे. सर्व्हर दूरच्या शहरात, भाड्याच्या जागेत होता. धाकटीने तो डोळ्यांनी कधी पाहिलाही नव्हता. इथल्या खुर्चीत बसूनच चालवायची. दोघींमधून विस्तव जात नव्हता.

आता सर्व्हरवर तीळ ठेवायलाही जागा उरली नव्हती. नवे फोटो येऊन ताटकळत होते. नव्या डिस्क बसवण्याचं काम आपल्या भावाला मिळावं म्हणून थोरलीने जंग जंग पछाडलं. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सासरे म्हणाले, "घरात माणूस असताना बाहेर कशाला?" ते तिच्या घशात काट्यासारखं अडकलं.

त्या दिवशी पुरुषमंडळी साइटवर गेली होती. तिकडच्या इंजिनिअरने चार नव्या डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्याचा फोन आला आणि धाकटी कामाला लागली. थोरली कप हातात घेऊन तिच्या मागेच उभी राहिली.

"चारांची जागा वाढली ना?"

"तिनांची. एक डिस्क बिघडली तरी फोटो वाचावेत म्हणून एकीएवढी जागा राखून ठेवायची असते."

"म्हणजे मरायच्या आधीच रडून घ्यायचं. का मधेच कुठे पाणी मुरतंय?"

धाकटीची कानशिलं तापली. "जाऊबाई, चारही एकत्र बांधून एकच मोठी जागा करतेय. पुढे कमी पडली की आणखी डिस्क जोडायच्या. सर्व्हर बंद करायला नको, फोटो हलवायला नकोत."

"आणि त्या पुढच्या डिस्क कुठून येणार? तुझ्या माहेरून?"

धाकटी स्क्रीनकडे वळली. तिने नव्या डिस्क कोणत्या ते पाहून घेतलं. सर्व्हर प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतो. ती चार अक्षरं घालून तिने हुकूम लिहिला: या चार पुसून काढ आणि एकत्र बांध. तो चालवण्याआधी ती डिस्कची तपासणी करत होती. तपासणीला वेळ लागत होता, आणि थोरलीची चुळबुळ वाढत होती.

"अडकलंय ते. कुणालाही दिसेल."

"अडकलेलं नाही. चाललंय."

"गोगलगायसुद्धा चालते!" असं म्हणून थोरली तरातरा आपल्या केबिनमध्ये गेली. दार लागलं.

थोड्याच वेळात धाकटीचा स्क्रीन जागच्या जागी थिजला. सर्व्हरशी जोडणी तुटली होती. नेट गेलं असेल म्हणून तिने पुन्हा जोडलं, तपासणी होत आलीच होती म्हणून मघाचाच पुसण्याचा हुकूम समोर आणला आणि एंटरवर बोट नेलं. तेवढ्यात वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. सर्व्हर नुकताच चालू झाला होता. नुकताच? मग तो बंद कुणी केला?

तिने बोट उचललं. डिस्कची यादी पुन्हा मागवली. बंद होऊन चालू होताना अक्षरांची अदलाबदल झाली होती. तिने लिहिलेल्या चार अक्षरांतलं एक आता जुन्या डिस्कचं होतं. आजवरची सगळी कामं त्या जुन्या डिस्कवर होती. दुसरी प्रत कुठे नव्हती. ती ठेवायलाही जागा हवी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तिने तिकडे फोन लावला.

"तुमच्याच ऑफिसातून सांगितलं ना," इंजिनिअर म्हणाला. "मोठ्या मॅडमनी. बंद करून चालू करा म्हणाल्या."

धाकटीने मघाचा हुकूम पुन्हा स्क्रीनवर आणला आणि जाऊन केबिनचं दार उघडलं. "जाऊबाई, जरा बाहेर या."

"काय गं? झालं का सुरू?"

"झालं. आता एवढा एंटर तुम्ही दाबा."

थोरलीला हे अनपेक्षित होतं. ती धाकटीच्या खुर्चीत बसली, बोट पुढे केलं आणि धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून थबकली. "दाबल्यावर काय होईल?"

"मामंजींच्या वेळेपासूनचं सगळं काम पुसलं जाईल. तुम्ही सर्व्हर बंद केलात म्हणून. आणि बोल मला लागला असता."

थोरलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मला काय स्वप्न पडलं होतं? आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"सांगायला तुम्ही ऐकता कधी? उठा. खुर्ची द्या माझी."

"आवाज खाली!"

"उठा म्हणते ना!"

थोरली उठली. जाताना कप तिथेच ठेवून गेली, धाकटीच्या कागदांवर. धाकटीने तिकडच्या माणसाला बजावलं, यापुढे माझ्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही. मग अक्षरांचा नाद सोडून तिने प्रत्येक डिस्कवर छापलेला नंबर पडताळला, इंजिनिअरकडून मोठ्याने वाचून घेतला आणि त्या नंबरांनीच चार डिस्क बांधल्या. संध्याकाळी फोटो येऊ लागले.

घरी जेवताना तिने घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, काही न वगळता. थोरला दीर मान खाली घालून जेवत राहिला. सासरे थोरलीला एवढंच म्हणाले, "यापुढे त्या कामात हात घालायचा नाही."

"नाहीच घालणार," थोरली म्हणाली. "मरू दे तुमचा सर्व्हर." आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

पुढे ती जागाही भरत आली. एका भर कामाच्या दुपारी धाकटीने आणखी दोन डिस्क जोडल्या. फोटो येत होते ते येतच राहिले आणि काम पुरं झाल्यावर स्क्रीनवरचा आकडा वाढला. थोरली तिथून जाताना थांबली.

"झालं?"

"झालं."

"मग आता माझं डोकं खायला येऊ नकोस."

"तुमच्या डोक्यात खाण्यासारखं आहे काय?" धाकटी म्हणाली आणि पुढच्या नकाशाकडे वळली.