उलट्या घडीचं कव्हर

मी एका रेकॉर्डचं कव्हर बोलतोय. माझ्या पोटातली तबकडी गाते, म्हणून कौतुक सगळं तिचं. तिला अलगद बाहेर काढतात आणि मला सोफ्यावर टाकून देतात. माझी तक्रार नाही. पण मी कसा घडलो ते एकदा सांगावंसं वाटतं.

मला घडवलं एका चित्रकार बाईंनी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली होती. खालून दिवसभर ठोकाठोक, वर टेबलभर पुठ्ठे, कात्र्या आणि डिंकाच्या बाटल्या. त्या पसाऱ्यात स्वतःचा चहाचा कपही त्यांना शोधावा लागायचा.

त्यांच्याकडे काम आलं ते एका घरगुती बँडचं. थोरला भाऊ व्हायोलिन वाजवायचा, धाकटा बँजो. थोरल्याची बायको गायची. तिला सगळे वहिनीच म्हणत, चित्रकार बाईसुद्धा. शिवाय भावांचा एक मित्र होता, लंबू. तो आपल्याहूनही अवजड वाद्य कवेत धरून मागे उभा राहायचा. गाणी या भावांच्या आईची, तिला तिच्या आईकडून मिळालेली. आई आता नव्हती.

रेकॉर्डिंग छान झालं आणि निघताना थोरला म्हणाला, "माझं मनगट आता साथ देत नाही. ही रेकॉर्ड शेवटची." धाकट्याला ते निमित्त वाटलं. त्याने थोरल्याशी बोलणंच टाकलं. त्यामुळे कव्हर कसं हवं ते सांगायला दोघे वेगवेगळे आले.

"साधं करा. फोटो नको," थोरला म्हणाला.

"फोटो हवाच, सगळ्यांचा एकत्र," धाकटा म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको, असा बँड नव्हताच."

बाई कुणाशीच वाद घालत बसल्या नाहीत. दोघांना एकच विचारलं, "तुमची आई गायची ती कुठे?"

"स्वयंपाकघरात," थोरला म्हणाला. "दार लोटून, हळू आवाजात. बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे."

"जिन्यात," धाकटा म्हणाला. "जिना झाडताना. आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत घुमायचा."

बाईंच्या लक्षात आलं, धाकटा कळता होईपर्यंत बाबांची पाळी बदलली असणार. एकाच घरात दोघांच्या वाट्याला दोन आया आल्या होत्या. मग त्यांनी मला पुस्तकासारखं उघडणारं बेतलं. बाहेर जिना, आत स्वयंपाकघर. दोन्हीकडे ती पाठमोरी. रंग दोनच, मातकट आणि निळा.

छापखानेवाल्याने नमुना उलटसुलट करून पाहिला. "बाई, ही घडी आमच्या मशीनवर बसायची नाही. छापून देतो, दुमडा तुम्हीच." रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम तोंडावर आला होता. बाईंनी बँडलाच बोलावून घेतलं.

थोरला टेबलाच्या एका टोकाला बसला, धाकटा दुसऱ्या. मधे वहिनी डिंक लावत होती. लंबूचे पाय टेबलाखाली मावेनात, म्हणून त्याने जमिनीवर बैठक मारली.

"वहिनी, दादाला सांग, कडा नीट दाब म्हणावं," धाकटा म्हणाला.

"तुमचे दादा समोरच बसलेत, भाऊजी. दुखतंय ते मनगट, कान नाही."

लंबू खाली मान घालून हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मग माझी पाळी आली. धाकट्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने मला उलटं दुमडलं, चिकटवलं आणि पुढे सरकवलं. आतलं स्वयंपाकघर बाहेर आलं. थोरल्याने मला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही.

"मुद्दाम केलंस?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. दोघांमधलं सगळं तिथेच तुटलं असतं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही रे दादा. चुकलं." मग जरा थांबून म्हणाला, "आई खरंच इथे गायची? मला कसं आठवत नाही?"

"कसं आठवेल? पाळण्यात होतास तू. तुला झोपवायलाच तर गायची."

वहिनीच्या हातातला ब्रश पुठ्ठ्यावर तसाच टेकून राहिला, तिथे डिंकाचं थारोळं झालं. धाकटा उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि थोरल्यापुढचा गठ्ठा त्याने आपल्याकडे ओढला.

"दे इकडे. मनगट दुखेल तुझं."

थोरल्याने तो देऊन टाकला.

थोरल्याचं वाजवणं सुटलं ते सुटलंच. बँड आता तिघांचा आहे. थोरला पहिल्या रांगेत बसतो आणि घरी येऊन चुका काढतो. धाकटा ऐकून घेतो, कधी उलट उत्तरही देतो. माझ्यासारख्या बिघडलेल्या कव्हराला दुकानात कोण ठेवणार? वहिनीने मला घरी आणलं.

आता माझे कोपरे मऊ पडलेत. तबकडीचा गोल माझ्या अंगावर उमटलाय, आईच्या पाठीवरचा निळा रंग फिका झालाय. चालायचंच.

तुमच्या घरीही एखादं जुनं कव्हर असेल. गाणं चालू असेतो त्याला हातात धरून बसा. घाई करू नका. कुणीतरी त्याच्यापायी आपला चहा थंड होऊ दिलेला असतो.

बरं, थांबतो आता. धाकटा आलाय. त्याच्यासाठी खुर्ची ओढत थोरला आतल्या खोलीतल्या वहिनीला म्हणतोय, "आधी रेकॉर्ड लाव गं, मग पानं घे."