ओळखीचं कुणी भेटणार नाही अशी जागा

सुहास साळवेला पहिला संशय आला तो फोनवरच्या एका वाक्यामुळे.

त्याची मुलगी ईशानी केंब्रिजला नोकरी करत होती. तिथेच तिला क्षितिज आगाशे भेटला, दगडांवर संशोधन करणारा, जरा कमी बोलणारा मुलगा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, घरी सांगितलं, आणि आठवड्याभरात क्षितिजच्या वडिलांचा सुहासच्या लंडनमधल्या, इल्फर्डच्या घरी फोन आला. डॉक्टर राजीव आगाशे, लंडनच्याच एजवेअरला राहणारे, नुकतेच हॉस्पिटलमधून निवृत्त झालेले. आवाज मोठा लाघवी.

"सुहासराव, चहाला भेटून काय होतंय? आपण चौघं चार दिवस कुठेतरी जाऊ. पोरांना नको न्यायला. मोकळेपणाने बोलू."

सुहासला कल्पना वाईट वाटली नाही. तो म्हणाला, "लेक डिस्ट्रिक्ट करू या की. जवळ पडेल."

"छे हो. तिथे सगळी लंडनची मंडळी. दोन पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटतं. आपण वर स्कॉटलंडला जाऊ, स्कायला. निवांत बेट आहे."

फोन ठेवल्यावर सुहास बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. तीस वर्षं तो रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये होता. पुढचा रूळ मोकळा आहे असं पक्कं कळेपर्यंत सिग्नल लालच धरायचा, ही तिथली पहिली शिकवण त्याच्या हाडात मुरली होती. ओळखीचं कुणी भेटलं तर डॉक्टरांना काय अडचण होती? त्यांना कुणासोबत दिसायचं नव्हतं?

"उगाच काहीतरी काढू नका," त्याची बायको सीमा म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि माणसांबद्दल घाईने मत बनवत नसे. "पोरीसाठी चार दिवस जाऊन येऊ. बघू तरी माणसं कशी आहेत."

सप्टेंबरच्या एका सकाळी चौघं विमानाने इन्व्हरनेसला उतरले. तिथून भाड्याची गाडी घेऊन, पूल ओलांडून, दुपारी पोर्ट्रीच्या कॉटेजवर पोचले. क्षितिजने आईवडिलांना बेटावर काय काय चुकवायचं नाही याची यादी करून दिली होती. स्टॉरचा सुळका, किल्ट रॉक, नीस्ट पॉइंट, क्विराइंग. प्रत्येक नावापुढे तिथला दगड कसा झाला ते दोन ओळींत लिहिलेलं. सहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहिला होता, आणि बेटाचा हा सगळा काळा दगड त्याचाच. 'आपल्या सह्याद्रीसारखाच,' असं पोराने खाली लिहिलं होतं.

कॉटेजमध्ये शिरल्या शिरल्या सुप्रभा आगाशेंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सीमा मदतीला गेली, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. आज मी करते." दुसऱ्या सकाळी पोहे त्यांनीच केले. संध्याकाळचा भात-आमटीसुद्धा त्यांनीच. सीमाने घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं. सुकटाची चटणी तर तिने मुद्दाम इल्फर्डलाच ठेवली होती. त्याचाही सुहासला आतून राग होता.

"तुझ्या हातचं खायचं नाहीये त्यांना," खोलीत आल्यावर तो हळूच म्हणाला.

"किंवा पाहुण्याला कामाला लावायचं नाहीये."

"दोघी पाहुण्याच आहात. भाडं निम्मं निम्मं भरलंय."

यावर सीमा गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिलाही तसंच वाटतंय, असं सुहासने धरून टाकलं.

स्टॉरची चढण उभी होती. वारा असा की बोललेलं शेजारच्यापर्यंत पोचत नव्हतं. वर तो प्रचंड सुळका ढगात अर्धा बुडालेला, आणि खाली समुद्राचा राखाडी तुकडा. मध्येच थांबून सीमाने पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि धापा टाकणाऱ्या सुप्रभाताईंपुढे धरली. त्यांचा हात किंचित पुढे आला आणि मागे गेला. "आहे माझ्याकडे," म्हणून त्या आपल्या पाठपिशवीचे बंद सोडू लागल्या. बाटली पिशवीच्या तळाशी होती. ती काढायला त्यांना बराच वेळ लागला.

सुहासने ते पाहिलं. सीमानेही पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

किल्ट रॉकपाशी तर डॉक्टरांनी कहर केला. कड्याला झग्याच्या चुण्यांसारखे उभे काळे खांब आणि शेजारून धबधबा थेट समुद्रात कोसळत होता. सुहास कठड्याला धरून बघत राहिला. जालन्याजवळच्या खाणीत त्याच्या वडिलांनी बावीस वर्षं याच जातीचा दगड फोडला होता, खडीसाठी. इतका दगड एका जागी न फुटता उभा बघून त्याला वडिलांची फार आठवण झाली. तेवढ्यात राजीव शेजारी येऊन म्हणाले, "अजिंठा, वेरूळ... सगळं याच दगडातलं बरं का. बुद्धाची काय शांत मुद्रा कोरलीय." कालपासून बुद्धाचा विषय त्यांनी तिसऱ्यांदा काढला होता. "आमच्याकडे तसं कुणी काही मानत नाही, सुहासराव. माझे कितीतरी मित्र..."

"हो का," सुहास म्हणाला.

एका डच बाईने चौघांचा फोटो काढून देते म्हटलं. राजीव लगबगीने बाजूला झाले. "तुम्ही तिघं उभे राहा. मी वाऱ्याने पार विस्कटलोय." संध्याकाळी सुहासने सुप्रभाताईंचं व्हॉट्सॲप स्टेटस उघडलं. मेंढ्या होत्या, धबधबा होता, स्टॉर होता. माणूस एकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते नीस्ट पॉइंटला गेले. बेटाचं हे पश्चिम टोक. एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे यायचं. गाडीतळावरून सिमेंटच्या पायऱ्या खाली दीपगृहाकडे उतरतात. ऊन पडलं होतं, डॉक्टर गाणं गुणगुणत होते, आणि आपण फारच ताणतोय की काय असं सुहासला पहिल्यांदाच वाटलं. परत वर येताना पायऱ्यांवरच हाक आली.

"अगं सुप्रभा! तू इथे?"

एजवेअरच्या सुनीती होत्या. महाराष्ट्र मंडळाच्या कामात पुढे असणाऱ्या, मुलीच्या कुटुंबाबरोबर सहलीला आलेल्या. सुप्रभाताईंचा चेहरा फुलता फुलता थांबला. गळाभेट झाली, हवेबद्दल बोलून झालं, मग सुनीतींची नजर या दोघांकडे वळली.

"हे सुहास साळवे," राजीव म्हणाले. "या सीमाताई. आपले... मित्र. लंडनचेच."

"साळवे?" सुनीती हसून म्हणाल्या. "मूळचे कुठले?"

"जालन्याकडचे."

"अच्छा."

त्या 'अच्छा'ची लांबी सुहासला पाठ होती. पुण्याच्या वसतिगृहात ऐकलेली, लंडनच्या दिवाळी कार्यक्रमात ऐकलेली. त्याने राजीवकडे पाहिलं. डॉक्टर समुद्राकडे बघत होते, तिकडे काहीतरी पोहतंय आणि ते ओळखायलाच हवं अशा एकाग्रतेने.

"मग डॉक्टरांची ओळख कशी झाली?"

"चला बाई," सुप्रभाताई घाईने म्हणाल्या, "ढग भरून यायला लागलेत."

गाडी दोन मैल गेली असेल. रस्त्याच्या कडेला गाड्या बाजूला घ्यायची रुंद जागा दिसली तेव्हा सुहास म्हणाला, "डॉक्टर, इथे थांबवा."

राजीवनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आपण मित्र कधी झालो?" सुहासने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "म्हणजे मला कळलं नाही म्हणून विचारतोय. तुमचा मुलगा आणि माझी मुलगी लग्न करणार आहेत. त्या नात्याला आपल्या भाषेत शब्द आहे. तो तुमच्या तोंडून निघाला नाही."

राजीव स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं नाही. तुम्ही ठरवून आणलंत आम्हाला इथे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून."

डॉक्टर नाकारतील असं सुहासला वाटलं होतं. त्याने पुढची वाक्यंही तयार ठेवली होती.

"हो," राजीव म्हणाले. "पुण्याला माझा थोरला भाऊ आहे, मोहनदादा. वडील गेल्यावर त्याने शिकवलं मला. त्याला अजून सांगितलेलं नाही. मंडळातल्या कुणाला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या कानावर जाईल. मला वाटलं, आधी तुमची ओळख होऊ दे, मग धीर येईल. तीन दिवसांत आला नाही."

मागच्या सीटवर सीमा सुप्रभाताईंकडे वळली. "मलाही एक विचारायचंय. स्टॉरवर तुम्हाला तहान लागली होती. माझ्या बाटलीतलं पाणी का नाही घेतलंत?"

सुप्रभाताईंनी हातातल्या रुमालाची घडी केली.

"खोटं सांगता येईल," त्या म्हणाल्या. "सर्दी होती, असं सांगता येईल. पण तसं नव्हतं. चाळीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फार्मसीत सगळ्यांच्या हातचं खाल्लंय. तरी त्या क्षणी हात मागे आला. का आला ते मला कळायच्या आत आला. रात्रभर लाज वाटत होती. स्वयंपाकाचं मात्र तसं नव्हतं हो, सीमाताई. मला तुमच्यापुढे रिकाम्या हातांनी बसायची भीती वाटत होती. काय बोलावं ते कळेना."

पावसाचे पहिले थेंब काचेवर आले. सुहासला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याचा प्रत्येक संशय खरा निघाला होता, किंवा निम्म्याहून जास्त. पण सीमा अजून थांबली नव्हती.

"यांनीही एक सांगायला हवं," ती म्हणाली. "अहो, सांगा."

"सीमा."

"इल्फर्डच्या विहारात आम्ही लेस्टरला नणंदेकडे गेलोय असं सांगून आलोय. तिथल्या वडीलधाऱ्या यादवरावांना, सगळ्यांना. ईशानीचं यांनी कुणाला सांगितलेलं नाही."

राजीवनी आरशातून मागे पाहिलं. सुहासचे कान तापले. विहारात दर महिन्याला त्याचं भाषण व्हायचं, आणि त्याचीच मुलगी आगाशांच्या घरात जाणार हे ऐकून लोक काय म्हणतील याचा त्याने महिनाभर विचार केला होता.

"ते खरं आहे," तो म्हणाला. "पण दोन्ही लपवणं सारखं नाही, डॉक्टर. हे मी ऐकून घेणार नाही. तुम्ही आमची लाज वाटून लपवलंत. मी लपवलं ते उद्या तुम्ही माघार घेतलीत तर चार माणसांत माझ्या मुलीचा अपमान होऊ नये म्हणून. यादवरावांनी मला आधीच विचारलं असतं, 'बघून घेतलंस का नीट?' आणि मला उत्तर देता आलं नसतं."

"आता देता येईल?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"आता तर मुळीच नाही."

राजीवनी गाडी सुरू केली. पुढे न जाता त्यांनी ती कष्टाने, चारदा मागेपुढे करून, त्या अरुंद रस्त्यावर वळवली. गाडीतळावर सुनीती कॉफीच्या गाडीपाशी पावसात टोपी सावरत उभ्या होत्या. राजीव उतरून गेले. सुहासने काच खाली केली. ऐकू यावं म्हणून केली होती, ते त्याने लपवलं नाही.

"सुनीतीताई, मघाशी मी अर्धवट सांगितलं. सुहासराव आणि सीमाताई आमचे होणारे व्याही आहेत. क्षितिजचं यांच्या ईशानीशी लग्न ठरलंय."

सुनीतींचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग त्यांनी अभिनंदन केलं, जरा जास्तच जोरात. राजीव भिजून परत आले. एकदा केलं म्हणजे नेहमी करतील असं थोडंच आहे, असं सुहासच्या मनात आलं. परक्या बेटावर एका बाईला सांगणं निराळं आणि मंडळाच्या दिवाळीत शंभर माणसांपुढे सांगणं निराळं.

पण कॉटेजवर पोचल्यावर त्याने यादवरावांना फोन लावला. म्हातारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "लेस्टरला नाहीस ते कळलं होतं मला. तुझी बहीण परवा विहारात आली होती. माणसं कशी आहेत?"

"भित्री आहेत," सुहास म्हणाला. "पण विचारलं की खरं बोलतात."

"मग लक्ष ठेव," यादवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सीमाने भाकऱ्या थापल्या. सुप्रभाताई शेजारी उभ्या राहून शिकत होत्या, आणि त्यांची पहिली भाकरी तव्यावर तीन ठिकाणी फाटली. ती राजीवनी खाल्ली. जेवण झाल्यावर चौघंही पानावर जरा जास्त वेळ बसून राहिले.

शेवटच्या सकाळी क्विराइंगला गेले. डोंगराची अख्खी कूस घसरून खाली आलेली, तिचे सुळके आणि हिरवे कप्पे उन्हात उघडे पडलेले. चढायला सुरुवात करणार तोच राजीवांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव पाहिलं आणि सुहासकडे पाहिलं.

"दादा आहे. कळलं असणार."

ते पंचवीस-तीस पावलं लांब गेले. सुहासने तोंड फिरवलं नाही. वाऱ्यात शब्द येत नव्हते, पण माणूस दिसत होता. आधी डॉक्टरांचा रिकामा हात खूप हलत होता, समजावल्यासारखा. मग तो खाली पडला. मग ते नुसते ऐकत राहिले, मान खाली घालून. शेवटी त्यांनी एकच काहीतरी वाक्य उच्चारलं आणि फोन खिशात टाकला. परत आले तेव्हा साठीचा माणूस ऐंशीचा दिसत होता.

"दादा लग्नाला येणार नाही म्हणाला. इथून पुढे मीही त्याच्या घरी जायचं नाही, असंही म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तारीख कळवतो."

सुहासने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. तिथे आता लाघवीपणा अजिबात नव्हता.

"लग्न इल्फर्डच्या विहारात होईल," तो म्हणाला. "पत्रिकेवर दोन्ही आडनावं सारख्याच अक्षरांत."

"होऊ दे."

"आणि मंडळाच्या दिवाळीत तुम्ही स्वतः सांगायचं. आम्ही समोर बसलेले असताना."

राजीवनी मान हलवली. लगेच नाही, जरा थांबून. ते थांबणं सुहासला पटकन दिलेल्या होकारापेक्षा बरं वाटलं. दोघी बायका पुढे निघून वळणावर उभ्या होत्या आणि मागे वळून यांच्याकडे बघत होत्या.

"चला," सुहास म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. वाट अरुंद आहे, मी मागून येतो."